आतून लागणारी कडी

‘कोथरूडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर सासूबाईंच्या नावाचा टू बीएचके आहे. त्या गेल्यापासून मी तो भाड्याने देते. मी निवृत्त शिक्षिका, वय 64, यजमान चार वर्षांपूर्वी गेले. आता एक संस्था तो फ्लॅट मागते आहे. रस्त्यावर सापडलेल्या, मनोरुग्णालयात उपचार होऊन सावरलेल्या चार बायका आणि सोबत एक कार्यकर्ती तिथे राहतील. भाडं चालू दराने द्यायला तयार आहेत. किती दिवस राहणार विचारलं, तर म्हणाले, “त्यांना राहायचं असेल तोवर.” तिथेच माझ्या पोटात गोळा आला. सेक्रेटरी म्हणतात, जनरल बॉडीत ठराव लागेल, आणि त्याआधी त्या बायकांना मीटिंगला आणा, बघू तरी कशा आहेत. मुलगा बंगळूरहून रोज फोन करून सांगतो, नसतं लचांड गळ्यात घेऊ नकोस. मला सरळ नाहीही म्हणवत नाही, म्हणून अटी काढल्या आहेत: सातच्या आत घरात, गॅस फक्त कार्यकर्तीने पेटवायचा, बाथरूमच्या आतल्या कड्या काढून टाकायच्या, बाहेरचं कोणी यायचं नाही आणि सहा महिन्यांनी ठेवायचं की नाही ते मी ठरवणार. बरोबर होईल ना हे?

ता. क. आमच्या मोठ्या वन्संना 1994 साली सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं होतं. नंतर आणायला कोणाचं जाणं झालं नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.’
— एक घरमालकीण, कोथरूड

ताई, नमस्कार.

फ्लॅट द्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण या अटींवर देऊ नका. तुमच्या पाचही अटी ओळीने वाचल्या आणि मला वाटलं, बाईंनी कोथरूडात वॉर्ड उघडायचा घाट घातलाय.

बाथरूमच्या कड्यांपासून सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका घरात गेले होते. गाव सांगत नाही, कारण तिथल्या बायका पाहुण्यांना कंटाळल्यात. तीन खोल्या, पाच बायका, दारात तुळस, आत टीव्हीवर मालिका. त्यातली पन्नाशीची एक जण दिवसातून दोनदा अंघोळ करायची, थंडीतसुद्धा. मला वाटलं, आजाराचंच काहीतरी असेल. (अशा घरात गेलं की आपल्याला सगळंच आजाराचं वाटतं. कोणी चहात जास्त साखर घातली तरी.) कार्यकर्ती हसली. म्हणाली, ‘छे हो, त्यांना कडी लावायला आवडते.’ त्या बाईची अकरा वर्षं एका वॉर्डात गेली होती. तिथे अंघोळ रांगेने, दार उघडं, बाहेरून कोणीतरी ‘चला, आटपा’ म्हणणारं. कडी होती ती खोलीला, आणि तीही बाहेरून. आता स्वतःच्या हाताने आतून कडी लावायची आणि दहा मिनिटं कोणी हाक मारत नाही, याचंच तिला अप्रूप होतं.

दुसरीला कपाट दिलेलं, पण ते रिकामं. साड्या, गाऊन, कंगवा, औषधांचं कार्ड, सगळं एका कापडी पिशवीत आणि पिशवी उशाशी. कोणीतरी दारात येईल, ‘चल’ म्हणेल, तेव्हा सामान हाताशी असावं. आठ महिने हे चाललं होतं म्हणे. मग एक दिवस ती पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली दिसली. कपडे कपाटात गेले होते. त्यावर कोणी काही बोललं नाही. कार्यकर्तीने संध्याकाळी तेवढ्या डांबराच्या गोळ्या आणून दिल्या.

आता तुमची सहा महिन्यांची अट त्या पिशवीशेजारी ठेवून बघा.

‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न आपल्याकडे बाईला जन्मभर चिकटलेला असतो. माहेरी आली की शेजारीण आधी तेच विचारते. सासरी बिनसलं की माहेरी, माहेरी भावजयीच्या डोळ्यांत यायला लागली की मावशीकडे; त्यात डोक्याचा आजार निघाला की मावशीही हात वर करते. तुमच्याकडे येऊ घातलेल्या चौघींचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही ते खोदून विचारू नका. पण अशा बायकांची वाट बरेचदा सारखीच असते. बाळंतपणानंतर काहीतरी बिघडतं किंवा कानांत आवाज यायला लागतात. अंगात आलंय म्हणून देवर्षी होतात, मारझोड होते, नवरा दुसरी करतो. मग एक दिवस ती कुठल्यातरी गाडीत बसते आणि उतरते तिथली भाषा तिला येत नाही. पुढे स्टेशन, फूटपाथ, पोलीस, कोर्टाचा आदेश, मनोरुग्णालय. रजिस्टरमध्ये नाव ‘अनोळखी महिला’. औषधांनी आवाज थांबतात, झोप लागते, तिला आपलं नाव-गाव सांगता येतं. आणि मग खरी पंचाईत सुरू होते, कारण बरी झाली तर जायचं कुठे?

घर शोधून परत पोचवण्याचं काम करणारे लोक आहेत. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राच्या डॉ. भरत वाटवानींना त्याच कामासाठी 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरची माणसं वाट बघत असतात त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण काहींचं घर सापडत नाही. काहींचं सापडतं आणि दार उघडत नाही. काही जणींना, खरं सांगायचं तर, त्या दाराशी पुन्हा जायचंच नसतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 च्या मे महिन्यापासून लागू झाला. निव्वळ घर नाही, घरचे न्यायला येत नाहीत किंवा समाजात राहायची सोय नाही एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं तो म्हणतो. आणि अशी सोय उभी करणं किंवा तिला पाठबळ देणं हे सरकारचं काम ठरवतो. या कायद्याच्या मसुद्यात आपल्या पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मंडळींचा हात होता, हे कोथरूडकरांना सांगायला हरकत नाही, अभिमान वाटेल. प्रत्यक्षात काय झालं? 2021 साली महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या लोकांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. म्हणजे हक्क आहे, पण त्या हक्काला टू बीएचके मिळत नाही.

संस्था सांगते आहे ती पद्धत काही हवेतली नाही. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था 1993 पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी काम करते. वर्षानुवर्षं रुग्णालयात अडकलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरात राहता येतं का, हे त्यांनी 2015 पासून करून दाखवलं. आपल्या राज्यात रत्नागिरीतही तसं काम झालं आहे. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांवर मोठा अभ्यास झाला. काहींना ‘आधी बरे व्हा’ ही अट न घालता थेट घर दिलं आणि सोबत मदत दिली. बाकीच्यांना नेहमीच्या वाटेने जाऊ दिलं. ज्यांना आधी घर मिळालं ते घरात कितीतरी जास्त काळ टिकले. मला यात नवल वाटलं नाही. आठ तासांनी घ्यायची गोळी घड्याळ आणि पाण्याचा तांब्या असलेल्या घरातच वेळेवर घेतली जाते.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याकडे येऊ. कायमचं घर याचा अर्थ तुमचा फ्लॅट कायमचा गेला, असा नाही. बायकांना घराचा शब्द संस्थेने दिलाय. तुम्ही द्यायचाय तो फक्त करार. लिव्ह अँड लायसन्स संस्थेच्या नावाने करा, रीतसर नोंदवा (आपल्याकडे अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीचीच आहे) आणि अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करा. दर वर्षी सामान बांधायची वेळ आली तर ती पिशवी पुन्हा उशाशी येणार. तुम्हाला फ्लॅट परत हवा झाला तर? घ्या की. फक्त नोटीस एक महिन्याऐवजी तीन महिन्यांची ठेवा, म्हणजे त्याच भागात दुसरं घर शोधायला त्यांना वेळ मिळेल. वाणी, दवाखाना, ओळखीची भाजीवाली सुटायला नको. त्या चौघींना त्या कराराने पक्का पत्ता मिळतो. त्यावर आधार, बँक, रेशनकार्ड आणि पुढे पात्र असतील तर दिव्यांग प्रमाणपत्र नि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हे सगळं एकामागून एक हलतं.

संस्थेला मात्र खोलात जाऊन विचारा, तिथे भीड ठेवू नका. भाड्याचे पैसे कुठून येतात आणि ती मदत आटली तर काय? रात्री-अपरात्री कोण येणार, फोन कोण उचलणार? जवळचं कुठलं रुग्णालय ठरवून ठेवलंय? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी या प्रकारच्या घराला लागते का, लागत असेल तर कागद दाखवा म्हणावं. औषध कोण हातात देतं, की ज्या-त्या बाईच्या स्वतःच्या डबीत असतं? कोथरूडमध्ये, एकमेकींबरोबर राहायचंय का, हे त्या चौघींना विचारलंय का? आणि लॅचची किल्ली कोणाकडे राहणार? ‘कार्यकर्तीकडे’ असं उत्तर आलं तर मी दुसरी संस्था शोधेन. सगळ्यांकडे एकेक असायला हवी.

भाडं कमी करू नका हो. एकदा मेहेरबानी केली की सातच्या आत घरात सुचायला लागतं.

सेक्रेटरींचं म्हणाल, तर सभासदाने स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीच्या ठरावाची गरज नसते. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते, पोलिसांना माहिती द्यायची असते. सोसायटी ना-वापर शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारलेत ते एकदा बघून घ्या आणि पत्राची पोच घ्या, पुण्यात पोच फार महत्त्वाची.

आणि त्या बायकांना मीटिंगला आणायचं? म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रमच की. ‘चालून दाखव, वाचून दाखव’ एवढंच राहिलं. याआधीच्या भाडेकरूंना, त्या आयटीतल्या पोरांना, कोणी मीटिंगला उभं केलं होतं? कोणाला कुठला आजार आहे हे गुप्त राखण्याचा हक्क त्याच 2017 च्या कायद्याने दिलाय. तुम्ही सोसायटीला सांगायचं ते इतकंच: भाडेकरू अमुक संस्था, राहणार चार बायका नि एक कार्यकर्ती, हा तिचा नंबर. सेक्रेटरींना निम्मं आधीच कळलंय, त्याला इलाज नाही. उरलेलं निम्मं तुमच्याकडून कळू नये. त्यापेक्षा कार्यकर्तीला एकदा तुमच्या घरी चहाला बोलवा, आणि वरच्या मजल्यावरच्या, दुपारी घरी असणाऱ्या बाईंना. ठराव पास करणारे पुरुष संध्याकाळी येतात. शेजार जमतो किंवा बिघडतो तो दुपारी, त्यामुळे त्या बाई जास्त महत्त्वाच्या. फ्लॅटची किंमत उतरेल असं कोणीतरी म्हणेलच. चार बायकांनी कोथरूडचे भाव पडत असते तर ज्यांना घर घ्यायचंय त्या जोडप्यांनी वर्गणी काढून आणल्या असत्या.

धोका आहे का? मुलाला याचं उत्तर हवंय, आणि ते ‘काही होत नाही गं’ असं मी देणार नाही. मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा दुसऱ्यांकडून इजा सोसतात जास्त. रस्त्यावर राहिलेल्या बायकांबाबत तर हे सांगायलाही नको. पण एखादी रात्र वाईट जाईल. कोणीतरी मोठमोठ्याने बोलेल, कोणी औषध बंद करेल, कोणी पहाटे उठून चालू पडेल आणि दुपारी स्वारगेटला सापडेल. तेव्हा आधी कार्यकर्तीला फोन. सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तुम्हालाही चालतो. अगदीच हाताबाहेर गेलं आणि पोलीस आले, तर अशा व्यक्तीला कोठडीत डांबायचं नसतं, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं, हे तुम्हाला माहीत असू द्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र काहीही टाकायचं नाही.

गॅसचं तर मला हसूच आलं. मी स्वतः या महिन्यात दोनदा दूध उतू घालवलंय आणि एकदा शेगडी चालू ठेवून कट्ट्यावर गप्पा मारायला गेले. दहा वर्षं स्वयंपाक न केलेल्या बाईची पोळी आधी नकाशा होईल, मग गोल होईल. पहिले काही आठवडे कार्यकर्ती शेजारी उभी राहीलच. रबरी नळी नवीन घाला, रेग्युलेटर तपासून घ्या. हे तुम्ही कुठल्याही भाडेकरूसाठी केलं असतं.

आता ताजा कलम.

संबंध नाही असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून मी तो दोनदा वाचला. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. 1994 साली तुम्ही तिशीतल्या सूनबाई होतात, घरात तुमचं कोण ऐकणार होतं? पण दोन गोष्टी बोलायला हव्यात. एक, वन्संची भरपाई म्हणून या चौघींना घर देऊ नका. त्या कोणाच्या वन्सं म्हणून येत नाहीयेत, भाडेकरू म्हणून येताहेत. दुसरी गोष्ट कडू आहे. फ्लॅट सासूबाईंच्या नावाचा, असं तुम्ही म्हणता. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यात मुलाइतकाच मुलीचा वाटा असतो, आणि आजारामुळे कोणाचा वारसा जात नाही हेही त्याच कायद्यात लिहिलंय. यजमान आणि वन्सं अशी दोनच भावंडं असतील नि सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं हयात असतील, तर ज्या बाथरूमच्या कड्या तुम्ही काढायला निघालात त्यातली एक त्यांची आहे. करारावर सही करण्याआधी हे वकिलाशी बोलून घ्या. मुलाशीसुद्धा. त्याला आपल्याला एक आत्या आहे हे माहीत आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही.

त्या असतील तर आज वयाने तुमच्याच आगेमागे असतील. कुठलं रुग्णालय तेही तुम्ही लिहिलं नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ही चार. येरवडा असेल तर वनाजला मेट्रोत बसा, गाडीही बदलावी लागत नाही. फोनवर ते माहिती देतीलच असं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. स्वतः जा, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा एखादा कागद बरोबर घ्या. कदाचित त्या तिथे नसतील, दुसऱ्या कुठल्या घरात हलवलं असेल, कदाचित गेल्याही असतील. तेही ऐकायची तयारी ठेवून जा. निघण्यापूर्वी त्यांचं पूर्ण नाव, जन्मसाल, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्हीकडचे त्यावेळचे पत्ते एका कागदावर लिहून काढा. नोंद माहेरच्या आडनावाने आहे की सासरच्या, सांगता येत नाही, तेव्हा रजिस्टरमध्ये दोन्ही आडनावांनी बघायला सांगा.